भाड्याचा ‘स्नो सेट’: बर्फात दुसऱ्याच्या उपयोगी पडतो का?

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ठाणे, कळवा, ऐरोली, वाशीकडून केदारकंठा, ब्रह्मताल, मनाली, सोनमर्गला जाणाऱ्यांची गर्दी आता चांगलीच असते. या मंडळींना ट्रेकिंग ग्रुप आणि साहित्याची दुकानं जो ‘स्नो सेट’ भाड्याने देतात, त्यात साधारण पाच वस्तू येतात: जाड जॅकेट, वॉटरप्रूफ पँट, हातमोजे, गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे दात). हे परीक्षण त्या संचाचं आहे, आणि त्यात सहसा नसलेल्या पण हव्याच अशा काही वस्तूंचंही.

सामान घेताना बहुतेक जण एवढंच बघतात की आपल्याला थंडी वाजणार नाही ना. बर्फात तेवढं पुरत नाही. बर्फ पडायला लागला की रस्ता सगळ्यांचा एकदमच बंद होतो, वाट सगळ्यांची मिळून एकच उरते आणि ऊब एखाद्या खोलीपुरती राहते. मग अनोळखी माणसं एकमेकांना धरून राहतात, हे हिमालयात दर हिवाळ्यात दिसतं. डिसेंबर 2024 च्या अखेरीस काश्मीरमध्ये जोराचा बर्फ पडला तेव्हा सोनमर्गच्या रस्त्यावर अडकलेल्या पंजाबच्या पर्यटकांना ‘गुंड’ नावाच्या गावातल्या लोकांनी मशिदीत रात्रभर आसरा दिला. काश्मिरी मशिदींत हमाम असतो, म्हणजे दगडी फरशीखाली लाकडं पेटवून तापवलेली खोली. गावकऱ्यांचं मन मोठं होतंच, पण द्यायला त्यांच्याकडे तापलेली खोली तयार होती म्हणून ती रात्र निभावली. आपल्या पाठपिशवीचंही तसंच आहे. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एक प्रश्न लावला आहे: हातातले मोजे न काढता, एका मिनिटात, अनोळखी माणसाला ही वस्तू वापरायला देता येईल का?

सगळ्यात आधी मायक्रोस्पाइक्स, कारण संचातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते. बुटावर चढवायचा रबरी पट्टा, त्याखाली स्टीलची साखळी आणि साखळीला सेंटिमीटरभर लांबीचे दात, एवढीच तिची रचना. पायांनी दाबून घट्ट झालेला बर्फ, सकाळी गोठलेली वाट, गावातल्या उतरत्या पायऱ्या, या सगळ्यांवर ती अप्रतिम चालते. ताज्या, गुडघाभर भुसभुशीत बर्फात तिचा काही उपयोग नाही. टणक बर्फाच्या तीव्र उतारावर तर तिच्या भरवशावर जाऊच नये. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचा लांब दातांचा सांगाडा), आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि ती वापरायचं शिक्षण लागतं. उघड्या दगडावर चालत राहिलं तर दात बोथट होतात आणि साखळीच्या कड्या उघडतात.

स्वस्त जोडी आणि चांगली जोडी दुकानात हातात घेतल्या तर सारख्याच वाटतात. फरक दिसतो तो थंडीत, कारण हलकं रबर गारठलं की ताठ होतं आणि जिथे साखळीची कडी रबरात अडकवलेली असते तिथेच फाटतं. हे ठाण्यात बसूनही तपासता येतं. घरच्या फ्रिजचा फ्रीझर साधारण उणे 18 अंशांपर्यंत जातो. जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि सकाळी बाहेर काढल्या काढल्या बुटावर चढवायची. कड्यांच्या भोवती रबर पांढरं पडलं, बारीक चीर दिसली किंवा ताणताना सुटल्यासारखा आवाज आला, तर ती जोडी परत करा. त्याच वेळी साखळीच्या कड्यांचे सांधेही बघा. सांधा वेल्ड केलेला असेल तर ठीक. नुसती वळवून जवळ आणलेली कडी उतारावर वजन पडलं की उघडते.

भाड्याच्या पोत्यातून मापं सरमिसळ होऊन येतात. माप बुटाच्या नंबरावरून न ठरवता प्रत्यक्ष नेणार असलेला बूट दुकानात नेऊन बघावं, कारण जाड तळव्याच्या ट्रेकिंग बुटाला त्याच नंबरच्या साध्या बुटापेक्षा मोठं माप लागतं. ढिली जोडी आडव्या उतारावर बाजूला सरकते आणि दात तळव्याऐवजी बुटाच्या कडेला येतात. चढवताना खाली बसायचं, पुढची खूण बघून चवड्याची बाजू आधी घालायची, मग टाचेचा पट्टा ओढून वर घ्यायचा. काढताना टाच आधी. हे जाड हातमोजे घालून घरी चार-पाच वेळा करून बघा. ज्याला स्वतःची जोडी मोजे न काढता चढवता येते, तोच घसरलेल्या माणसाच्या पायात ती पटकन चढवू शकतो.

देण्याच्या कसोटीवर मायक्रोस्पाइक्सना पूर्ण गुण. सहा जणांच्या गटात एक जोडी जास्तीची असावी आणि ती शेवटच्या माणसाच्या पिशवीत वरच्या कप्प्यात असावी. घसरून घाबरलेला, साधे स्पोर्ट्स शूज घातलेला पर्यटक प्रत्येक लोकप्रिय वाटेवर भेटतो. सोबत मीटरभर बाइंडिंग वायर ठेवा, बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात तीच. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तुटलेली कडी या तारेने दोन वेढे देऊन पिळली की दिवसभर टिकते. प्लास्टिकचे केबल टाय थंडीत कडक होऊन तुटतात, त्यांच्यावर विसंबू नका. शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फात दातांखाली बर्फाचे गोळे चिकटतात आणि पकड जाते. थोड्या थोड्या पावलांनी बुटाच्या कडेला काठी आपटून ते पाडत राहायचं.

गेटरबद्दल थोडक्यात. ते पोटरीवर घट्ट बसले आणि खालचा पट्टा बुटाच्या तळव्याखालून गेला तर बर्फ बुटात शिरत नाही. भाड्याच्या गेटरमध्ये हा खालचा पट्टाच झिजलेला असतो, तेवढा बघून घ्या. डाव्या-उजव्याचा गोंधळ टाळण्यासाठी बकल नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर दोन्ही पायांची बकलं एकमेकांत अडकून माणूस तोंडावर पडतो.

हातमोजे हा या संचाचा सगळ्यात कमकुवत भाग. बहुतेक ठिकाणी एकच जाड जोडी देतात, ‘वॉटरप्रूफ’ म्हणून. तपासायचं असेल तर मोज्यात कोरडा टिश्यू पेपर ठेवा, मनगटाची कड पाण्याबाहेर धरून मोजा पाच मिनिटं बादलीत दाबून धरा आणि मग टिश्यू बघा. ओला झाला तर बर्फातही हात ओलेच राहणार. खरी गरज दोन थरांची असते: आत पातळ फ्लीसचा मोजा, बाहेर वारा आणि पाणी अडवणारा सैल मोजा. सैल शब्द महत्त्वाचा, कारण घट्ट मोज्यात रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही. आतल्या जोडीची एक कोरडी प्रत प्रत्येकाने छातीजवळच्या खिशात ठेवावी. कोणाचे मोजे ओले झाले की ती द्यायची आणि त्याची ओली जोडी आपल्या जॅकेटच्या आत कोंबायची. अंगाच्या उबेने फ्लीस बरंच वाळतं आणि संध्याकाळी परत फिरवता येतं. ज्याची बोटं पांढरी, बधिर पडली असतील त्याची बोटं चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. ती कोणाच्या तरी उघड्या काखेत धरायची. हे करायला संकोच वाटतो, पण केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांक्री गावाच्या वाटेवरचे खेचरवाले अनोळखी पाहुण्यासाठीही विनासंकोच करतील.

जॅकेटमध्ये निवड असेल तर भाड्याने घेताना पिसांच्या जॅकेटपेक्षा सिंथेटिक भरावाचं घ्या. पिसांचं हलकं आणि ऊबदार असतं, मात्र ओलं झालं की गुठळ्या धरतं आणि ऊब जाते. शिवाय आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळाभर दाबून ठेवलेल्या पिसांचा फुगवटा आधीच कमी झालेला असतो. जॅकेट टेबलावर पसरा, हाताने दाबा आणि सोडा. दोन-तीन सेकंदांत फुगून वर आलं नाही तर ते नको. कुबट वास येत असेल तर आत बुरशी आहे. पावसाळ्यात आपण वापरतो तो पीव्हीसीचा रेनकोट मात्र बर्फात नेऊ नका. आतून घाम धरतो आणि थंडीत कडक होऊन शिवणीवर चिरतो. त्याऐवजी पाठपिशवीसकट झाकणारा नायलॉनचा पोंचो न्या. ओल्या बर्फात तो उत्तम चालतो आणि थांबलेल्या दोन माणसांवर मिळून धरता येतो.

आता संचात नसलेल्या वस्तू. पहिला मान थर्मासचा. एक लिटरचा, स्टीलच्या दुहेरी भिंतीचा. भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवायचं, ते ओतून मग गोड चहा गळ्यापर्यंत भरायचा. अर्धा भरलेला थर्मास लवकर गार होतो. झाकणाची रबरी रिंग आधी तपासा. रात्री नऊला उकळतं पाणी भरून सकाळी सहाला उघडा. वाफ निघाली तर थर्मास न्यावा. झाकणच पेला होणारा प्रकार घ्या, म्हणजे देताना दुसरा पेला शोधावा लागत नाही. बर्फात थांबलेल्या माणसाशी बोलणं सुरू करायला गरम चहासारखं काही नाही, आणि तो पेला घेताना हात कसा थरथरतो, बोलताना जीभ अडखळते का, झाकण धरता येतं का, हे सगळं बघताही येतं. अडखळणं, तोल जाणं, उगाच चिडणं किंवा एकदम गप्प होणं ही शरीराचं तापमान उतरत असल्याची चिन्हं आहेत. अशा माणसाला एकटं सोडायचं नाही. ओले कपडे काढून कोरडे चढवायचे, डोकं झाकायचं, खाली मॅट घालायची, शुद्धीत असून गिळता येत असेल तरच गोड गरम पेय द्यायचं. दारू अजिबात नाही, कारण तिने त्वचेकडे रक्त जाऊन आतली ऊब आणखी कमी होते. थरथर थांबली पण माणूस सुधारलेला दिसत नाही, तर प्रकरण गंभीर आहे, ताबडतोब खाली उतरवायची सोय करा.

चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट फार वजनाचं नसतं, म्हणून सगळे घेतात, पण ते एकट्याने पुरत नाही. वाऱ्यात फडफडतं आणि कडेला जरा चीर गेली की पार फाटत जातं. माणूस बर्फावर बसला असेल तर बरीच ऊब खालून जाते, म्हणून ब्लँकेटपेक्षा फोमची मॅट जास्त महत्त्वाची. पूर्ण मॅट नको असेल तर बसायच्या आकाराचे दोन तुकडे कापून पिशवीच्या पाठीकडच्या बाजूला सरकवून ठेवा. एक आपल्यासाठी, एक भेटेल त्याच्यासाठी.

गाडीने जाणाऱ्यांसाठी फावडं. घडीचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्याचं. प्लास्टिकचं पातं गोठलेल्या बर्फावर तुटतं. याबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान 22 माणसं गेली, आणि थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हेही त्याचं कारण मानलं गेलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं आणि हीटरसाठी इंजिन चालू राहिलं की धूर गाडीत येतो. या वायूला वास नाही, रंग नाही. म्हणून अडकल्यावर फावडं आधी सायलेन्सरच्या मागे चालवायचं, चाकांपाशी नंतर. इंजिन तासात दहा मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही, दर वेळी चालू करण्याआधी सायलेन्सर बघायचा आणि वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. स्वतःचं झालं की पुढच्या-मागच्या गाड्यांच्या काचा वाजवून त्यांनाही सांगा आणि फावडं पुढे द्या. एका रांगेत एक फावडं असलं तरी सगळ्यांचे सायलेन्सर मोकळे होतात. शेजारच्या गाडीत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर दोन कुटुंबांनी एका गाडीत बसणं शहाणपणाचं. ऊबही राहते, इंधनही वाचतं.

रुतलेली गाडी काढताना जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाक फिरून खालचा बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग गाडी अजिबात हलत नाही. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांच्यापुढचा मीटरभर बर्फ काढा, तिथे वाळू किंवा चुलीतली राख टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या मागे सरळ रेषेत उभं राहू नये. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. टायरवर चढवायची बर्फाची चेन घेत असाल तर टायरच्या कडेवरचा पूर्ण आकडा, उदाहरणार्थ 185/65 आर 15, दुकानदाराला दाखवूनच घ्या आणि एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून बघा. अंधारात, वाऱ्यात पहिल्यांदा लावणं जमत नाही.

चालण्याच्या वाटेवर मदत बऱ्याचदा वस्तूंशिवाय होते. ताज्या बर्फात वाट पाडणारा पहिला माणूस सगळ्यात जास्त दमतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याने बाजूला व्हावं आणि शेवटी येऊन मिळावं. मागच्यांनी त्याच पावलांत पाय टाकायचे, म्हणजे पायऱ्या पक्क्या होतात. गटातला सगळ्यात हळू चालणारा शेवटी नको, पुढून दुसरा किंवा तिसरा हवा. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला थांबायचं, दरीकडे नाही. ठाण्याहून निघण्याआधी येऊरच्या चढावर हाच क्रम, भरलेल्या पिशव्यांसह, गटाने एकदा करून बघावा. तिथे बर्फ नसला तरी कोण किती लवकर दमतो ते कळतं.

खाऊ वाटायचा असेल तर वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून सुका जर्दाळू, काजू, शेंगदाणे घ्या. चिक्की न्यायची असल्यास घरीच बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. उणे तापमानात अख्खी वडी दातांनी तुटत नाही. खाऊ आतल्या खिशात ठेवावा. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते.

एखाद्या पहाडी घरात आसरा मिळाला तर पाहुण्याने काय करावं, हे कोणताही भाड्याचा संच सांगत नाही. दात असलेले स्पाइक्स आणि बूट दाराबाहेरच काढायचे. हिमाचलमध्ये खोलीच्या मध्ये धुराड्याचा पत्र्याचा तंदूर असतो, काश्मीरमध्ये बुखारी (लाकडावरची पत्र्याची शेगडी) आणि कांगडी (टोपलीतलं निखाऱ्यांचं मडकं). त्यात जळणारं लाकूड त्या कुटुंबाने हिवाळ्यासाठी आधीच साठवलेलं असतं आणि ते वसंतापर्यंत पुरवायचं असतं. म्हणून जेवणाचे पैसे द्याल तेव्हा लाकडाचे वेगळे विचारून द्या. घेणार नाही म्हणाले तर आपल्याकडचा कोरडा शिधा, चहा-साखर, जास्तीचे मोजे ठेवून या. कोळशाची शेगडी घेऊन खोली बंद करून झोपू नका, तिथेही कार्बन मोनॉक्साइडचाच धोका. आणि अंगणातला नळ बारीक धारेने चालू दिसला तर पाणी वाया जातंय म्हणून बंद करू नका. वाहतं पाणी नळीत गोठत नाही, म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. आपल्या हाताला नळ बंद करायची सवय असते, आणि त्या एका चांगल्या सवयीने सकाळी अख्ख्या घराचं पाणी तुटू शकतं.

विमानाने जाताना स्पाइक्स, फावडं, काठ्या आणि तार चेक-इन सामानात, पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल हातातल्या पिशवीत. गॅसचे डबे दोन्हीकडे चालत नाहीत.

एकंदर मत असं: मायक्रोस्पाइक्स आणि थर्मास विकत घ्या, कारण त्यांचा दर्जा तुम्हीच तपासलेला असला पाहिजे. जॅकेट, पँट, गेटर भाड्याने घ्यायला हरकत नाही. हातमोज्यांची आतली जोडी विकतची, बाहेरची चाचणी करून भाड्याची. फावडं चार कुटुंबांत एक पुरतं.

परत आल्यावर स्पाइक्स गोड्या पाण्याने धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि साखळीला शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. तेल रबराला लागू देऊ नका, रबर खराब होतं. ठाण्याच्या हवेत ओली साखळी काही दिवसांतच गंजते. जॅकेट दाबून न ठेवता हँगरला लावा, खिशात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून लागण्याआधी एकदा उन्हात धरा. मग मापांसकट यादी सोसायटीच्या ग्रुपवर टाका: कोणत्या बुटावर बसतं, काय दुरुस्त केलंय, कोणत्या तारखांना मोकळं आहे. पुढच्या डिसेंबरात दोन मजले खालच्या घरातून कोणी तरी पहिल्यांदा निघणार असतं, त्यांना ते द्या आणि देताना फ्रीझरची चाचणी पुन्हा एकदा करायला सांगा.